हायब्रीड गाडीसाठी तीन लिफाफे

तीनदरे हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. ते सोसायटीनं ठेवलेलं नाव, आणि इतकं पक्कं बसलेलं की एकदा कुरिअरवालाही "तीनदरे कुठे राहतात?" असं विचारत आला आणि बरोबर त्यांच्याच दारात उभा राहिला. एका मोठ्या कार्यालयाच्या खरेदी विभागात या माणसानं सव्वीस वर्षं काढली होती. त्या विभागाचा नियम असा की खुर्ची घ्या नाहीतर फिनेलची बाटली घ्या, तीन ठिकाणचे दर बंद लिफाफ्यात मागवायचे, ते एका तक्त्यात शेजारी शेजारी मांडायचे आणि मगच काय ते ठरवायचं. नियम कार्यालयाचा, पण यांच्या अंगात तो असा मुरला की टोमॅटो घ्यायचे तरी तीन भाजीवाले. तिसऱ्याला विचारून पहिल्याकडे परत येईपर्यंत पहिल्याचे टोमॅटो संपलेले असायचे. घरात मिक्सर यायला अकरा महिने लागले, आणि आला तेव्हा कंपनीनं ते मॉडेल बंद केलं होतं. हे दुकानदारानं त्यांना हसू दाबत सांगितलं.

तर अशा या तीनदऱ्यांनी एका रविवारी सकाळी पेपरची घडी घातली, चष्मा कपाळावर चढवला आणि जाहीर केलं, "आपण गाडी घेतोय. हायब्रीड."

तीनदरेकाकू शर्टाला बटण लावत होत्या. त्यांनी सुई थांबवली नाही. "म्हणजे ती पेट्रोलवरही चालते आणि बॅटरीवरही, तीच ना? पेपरात तर आलंय, ती आता कुणी घेत नाही म्हणून."

"म्हणूनच घ्यायची," तीनदरे म्हणाले.

आणि मग त्यांनी काकूंना बाजार समजावून सांगितला. एका बाजूला साध्या पेट्रोलच्या गाड्या, दुसऱ्या बाजूला नुसत्या बॅटरीवरच्या, आणि मधल्यामध्ये ही हायब्रीड. दोन वर्षांपूर्वी हिच्यासाठी रांगा लागायच्या, सहा-सहा महिने वाट पाहायची. ते बघून ज्या-त्या कंपनीनं हायब्रीड काढली. आता विकणारे ढीगभर झाले आणि लोक उठून बॅटरीकडे गेले. शोरूमवाले माश्या मारत बसलेत. "इतके विकणारे, आणि घेणारा मी एकटा," तीनदरे म्हणाले. "सव्वीस वर्षांत असा बाजार मी पाहिला नाही. नाक मुठीत धरून येतील बघ."

काकूंनी दाताने दोरा तोडला. "बरं. येऊ देत. पण महिनाअखेरपर्यंत बुकिंगची पावती माझ्या हातात पाहिजे. नाहीतर माझा भाऊ सांगेल ती गाडी घ्यायची. आणि मग तुम्ही एक शब्द बोलायचा नाही."

हा भाऊ म्हणजे तीनदऱ्यांचा धाकटा मेहुणा. त्याच्याकडे नुसत्या बॅटरीवरची गाडी होती, आणि ती त्यानं म्हणे चहा पिता पिता फोनवर बुक केली होती. ही गोष्ट तो दर भेटीत सांगायचा. त्या दिवशीही तो जेवायला होता. म्हणाला, "ताई, भावोजींना तक्ता करायला सांग, उद्या करतील. ठरवणं त्यांच्याच्यानं व्हायचं नाही. ऑफिसातसुद्धा ठरवतात ते त्यांचे साहेब."

तीनदरे हसले. पण लागलं त्यांना, आणि चांगलंच लागलं, कारण ते खरं होतं. सव्वीस वर्षांत त्यांनी हजारो फाइली तयार केल्या. प्रत्येक फाइलवर खाली डाव्या कोपऱ्यात त्यांची छोटी सही, आणि मधोमध, ऐसपैस, साहेबांची मोठी. साहेब बदलले, सहीची जागा बदलली नाही. एकदा तरी आपण स्वतः ठरवायचं, आणि या पोराच्या देखत ठरवायचं, असं त्यांनी जेवता जेवता मनाशी पक्कं केलं. शिवाय हातात बावीस दिवस होते. बावीस दिवसांत त्यांनी एकदा अख्ख्या कार्यालयाचे पंखे बदलून घेतले होते.

दुसऱ्या दिवशी शहरातल्या तीन शोरूमना एकेक पत्र गेलं. विषय: एक (१) नग हायब्रीड मोटारगाडी पुरवणेबाबत. खाली अटी व शर्ती सतरा. त्यातली अकरावी अट अशी होती की कोणतंही कारण न देता कोणतीही निविदा नाकारण्याचा अधिकार खाली सही करणाऱ्यानं राखून ठेवला आहे. ही अट लिहिताना तीनदऱ्यांना जे बरं वाटलं ते सांगता येण्यासारखं नाही.

आता तुम्ही म्हणाल, असलं पत्र कोण वाचणार? चांगल्या दिवसांत कुणीच वाचलं नसतं. पण दिवस चांगले नव्हते. हायब्रीडसाठी कुणी शोरूमला नुसता चुकून फोन लावला तरी तीनदा उलट फोन यायचा, अशी अवस्था. तिन्ही शोरूमची माणसं पुढच्या रविवारी दहाच्या ठोक्याला लिफाफे घेऊन हजर झाली. तिघंही एकाच वेळी, कारण पत्रात वेळ एकच दिली होती, आणि घरात सोफाही एकच होता.

सोफ्याच्या एका टोकाला टायवाला, विशी-पंचविशीचा, बसताना टाय मांडीवर सरळ करणारा. दुसऱ्या टोकाला हातात टॅबलेट घेतलेल्या बाई, त्यांना काकू लगेच ताई म्हणायला लागल्या. आणि मध्ये अंग चोरून बसलेले एक साठीकडे झुकलेले गृहस्थ. तीस वर्षं गाड्याच विकत होते. त्यांच्या हातात कायम पांढरा रुमाल, दिसेल त्या गाडीच्या काचेवरचा डाग पुसायला. इथे गाडी नव्हती, तर त्यांनी टीपॉय पुसला. त्यांचं नाव रुमालवाले पडलं, काकूंनीच पाडलं.

चहा झाला. तीनदऱ्यांनी लिफाफ्यांची सीलं तिघांना दाखवली, कात्रीनं कडा कापल्या आणि कार्यालयात वाचायचे त्याच सुरात दर मोठ्यानं वाचले. पहिला वाचून झाला. दुसरा वाचताच टायवाला उठून उभा राहिला. "सर, मला दर बदलायचाय. आत्ता."

"उघडल्यावर बदलता येत नाही. अट चौथी."

"सर, मग मॅट देतो. पायाखालचे."

"आम्ही मॅट आणि छत्री देऊ," बाई म्हणाल्या.

"आमच्याकडे मॅट, छत्री आणि गाडीत अत्तर मारायची बाटली," टायवाला म्हणाला.

रुमालवाल्यांनी खाकरून घेतलं. "साहेब, आम्ही काही देणार नाही. गाडी चांगली आहे." असं म्हणून त्यांनी परत टीपॉय पुसला.

अखेर फेरनिविदा निघाली. चार दिवसांनी दुसरे लिफाफे आले, आणि बरोबर तीन छत्र्या, कारण रुमालवाल्यांच्या मालकांनीही धीर सोडला होता. तीनदऱ्यांनी तिन्ही छत्र्यांना चिठ्ठ्या लावल्या, "नमुना, परत करणे", आणि कपाटावर ठेवून दिल्या. लाचेसारखं काही या माणसानं कधी घेतलं नाही, आणि हे मी थट्टेत सांगत नाही.

मधल्या दिवसांत शेजाऱ्यांना बातमी लागली. वरच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर जिन्यातच अडवून म्हणाले, "दोन इंजिनं म्हणजे बिघडायला दोन गोष्टी." समोरच्या वहिनी म्हणाल्या, "उलट दोन आहेत ते बरं, एक बंद पडलं तर दुसरं आहे." या दोघांचं मग जिन्यातच जुंपलं, आणि तीनदरे दोघांच्या मधून वाट काढून घरी गेले तेव्हा कुणाच्या लक्षातही आलं नाही. कार्यालयातल्या शिपायानं सांगितलं की त्याच्या चुलत्याची हायब्रीड उत्तम चालते. दोन दिवसांनी कळलं की चुलत्याकडे बैलगाडीसुद्धा नाही. तीनदऱ्यांनी प्रत्येक सल्ला वहीत तारखेसह लिहून ठेवला. ऐकायचं सगळ्यांचं, हा त्यांचा स्वभाव. आणि माणूस अगदी खुशीत होता. आयुष्यात पहिल्यांदा लोक त्यांची वाट बघत होते. फोन वाजला की पलीकडून "सर, काही ठरलं का?" असा लोण्यासारखा आवाज यायचा, आणि हे "अभ्यास चालू आहे" म्हणून फोन ठेवायचे.

मग चालवून बघण्याचा कार्यक्रम झाला. खरं तर तो तीन वेगवेगळ्या दिवशी ठेवला होता, पण टायवाल्याला कळलं की बाई शनिवारी येणार आहेत, म्हणून तोही शनिवारी आला, आणि त्या दोघांना बघून रुमालवाल्यांना फोन कुणी केला हे शेवटपर्यंत कळलं नाही. तीन नव्याकोऱ्या गाड्या इमारतीच्या दारात एकामागे एक उभ्या राहिल्या. कचऱ्याची गाडी आत येईना. खिडक्यांतून माणसं डोकावली. सोसायटीचे सेक्रेटरी बनियनवर शर्ट चढवत खाली आले.

"तीनदरे, एका घराला गाडी लावायची एक जागा. तुम्ही तीन घेतल्यात?"

"एकच घेणार आहे. त्यासाठी तुमचा दाखलाही लागेल, जागा आहे म्हणून. त्याशिवाय बुकिंग होत नाही."

सेक्रेटरींनी चष्मा लावला. सोसायटीच्या वहीत दोन याद्या होत्या. पेट्रोलच्या गाड्या डाव्या भिंतीला, बॅटरीच्या उजव्या भिंतीला, कारण चार्जिंगचे प्लग तिकडे. "ही कुठे लिहू? डावीकडे लिहिली तर हिच्यात बॅटरी आहे, तिकडे प्लग नाही. उजवीकडे लिहिली तर हिच्यात पेट्रोल आहे, प्लगजवळ पेट्रोल मी उभं करू देणार नाही."

"हिला प्लगच लागत नाही. चालता चालता चार्ज होते."

"मग तर ती कुठल्याच यादीत बसत नाही," सेक्रेटरी म्हणाले, आणि दाखला राहिला.

यावर सभा बोलवावी लागली. सभेत इंजिनिअरांनी सुचवलं की ज्या दिवशी गाडी ज्यावर चालेल त्या दिवशी तिला त्या भिंतीला लावावं. मग ती कशावर चालून आली हे कोण बघणार, असा प्रश्न निघाला. वॉचमनला विचारलं तर तो म्हणाला, मी सायकलवर येतो, मला यातलं कळत नाही. तासभर असंच चाललं. शेवटी तीनदऱ्यांनी खिशातून कागद काढला. ठरावाचा मसुदा तयार होता: वहीत "इतर" असा तिसरा रकाना उघडण्यात यावा, आणि त्या रकान्यास पाण्याच्या टाकीजवळची मोकळी जागा देण्यात यावी. तिथे तुटका बाक आणि उरलेल्या फरश्या पडल्या होत्या. कुणाचाच त्या जागेवर डोळा नव्हता, त्यामुळे ठराव एकमतानं पास झाला आणि दाखला मिळाला. फाइलीच्या लढाईत या माणसाला हरवणं सोपं नव्हतं. त्या संध्याकाळी त्यांनी काकूंना तो दाखला दोनदा वाचून दाखवला.

महिन्याचे चार दिवस उरले तेव्हा तुलनात्मक तक्ता पुरा झाला. रकाने बेचाळीस. डिकीत किती पिशव्या मावतात इथपासून ते वायपरचा आवाज कर्कश आहे की सहन होण्यासारखा, इथपर्यंत सगळं. कागद कागदाला चिकटवून तो जेवणाच्या टेबलावरून खाली लोंबायला लागला. तीनदऱ्यांनी लांब होऊन त्याच्याकडे पाहिलं. त्यांच्या हातून इतकं सुंदर काम पूर्वी झालं नव्हतं. मग त्यांनी पेन घेतलं आणि तळाशी, सव्वीस वर्षांच्या सवयीनं, लिहिलं: "निर्णयार्थ सादर". डाव्या कोपऱ्यात छोटी सही केली आणि बसून राहिले.

सादर केलं, पण कुणाला? वर कुणी नव्हतं. वर पंखा होता.

त्यांनी तक्ता घडी करून काकूंच्या उशाशी ठेवला. सकाळी तो टेबलावर परत आला होता, आणि त्यावर काकूंनी लाल पेन्सिलीनं शेरा मारला होता: "चर्चा करावी."

"चर्चा कसली?" तीनदऱ्यांनी विचारलं.

"मला विचारू नका, एवढीच चर्चा होती," काकू म्हणाल्या. "मला गाडीत बसायचंय. कुठल्या, ते तुम्ही सांगा."

तीनदऱ्यांनी बेचाळीस रकान्यांची बेरीज पुन्हा केली. तिन्ही गाड्यांना जवळपास सारखे गुण पडत होते. हे असं होतंच म्हणा. सगळ्या कंपन्या एकमेकींचं बघून गाड्या काढतात, मग फरक राहणार वायपरच्या आवाजात. पण फरक नसला की ठरवायचं कसं? कार्यालयात अशा वेळी साहेब डोळे मिटून एकाच्या नावावर बोट ठेवायचे आणि त्याला "विवेकाधीन अधिकार" म्हणायचे. तीनदऱ्यांनी डोळे मिटून पाहिले. बोट पुढे सरकेना.

एकोणतीस तारखेला टायवाल्याचा फोन आला. आवाजात लोणी नव्हतं. "सर, आमच्याकडे हायब्रीड बंद. कंपनीनं सगळी वाट बदलली, आजपासून नुसती बॅटरी. त्यातली बघता का?" तीनदऱ्यांनी नको म्हटलं. तीस तारखेला बाईंना यांनीच फोन केला, तर त्या म्हणाल्या, "काका, मी तिथे नाही आता. समोरच्या बॅटरीवाल्यांकडे लागले कालपासून. हायब्रीडचा काउंटर गुंडाळला त्यांनी. काकू सांगत होत्या ना, तुमच्या मेहुण्यांनी पण आमच्याकडूनच घेतलीय गाडी?"

तीनदऱ्यांनी फोन खाली ठेवला. नाक मुठीत धरून येणारा बाजार आता कुणी उरला नसल्यानं येतच नव्हता. तीन लिफाफ्यांतला एक राहिला, आणि हे सगळ्यात वाईट. कारण खरेदी विभागाचा नियम सगळ्यांत कडक इथेच होता: एकच दर आला तर निविदा रद्द. तुलना करायला दुसरं नाही, तर खरेदी नाही. या नियमाखाली त्यांनी स्वतः कितीतरी जणांना कोरड्या तोंडानं परत पाठवलं होतं.

एकतीस तारखेला त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि रुमालवाल्यांची शोरूम गाठली. पुढच्या मोठ्या काचेत, दिव्यांच्या झगमगाटात, बॅटरीच्या गाड्या उभ्या होत्या आणि त्यांच्याभोवती माणसं. हायब्रीड विचारल्यावर काउंटरवरच्या पोरीनं मागे बोट दाखवलं. जिन्याखाली, पाण्याच्या कूलरशेजारी, एकच गाडी होती. पोपटी. रुमालवाले तिचा आरसा पुसत होते.

"या साहेब. ही शेवटची. उद्यापासून इथे चार्जिंगचं मशीन बसवणार आहेत."

तीनदऱ्यांनी खुर्ची ओढली आणि नियम सांगितला. एकच दर, म्हणून निविदा रद्द.

रुमालवाल्यांनी इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. "साहेब, मी दुसरे दोन लिफाफे करून आणतो ना. दोन चढे दर टाकायचे. सगळीकडे असंच चालतं."

"माझ्याकडे चाललं नाही," तीनदरे म्हणाले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "सव्वीस वर्षांत असली एक फाइल मी पुढे जाऊ दिली नाही. तुम्ही हे बोलायला नको होतं."

"चुकलं," रुमालवाले म्हणाले, आणि त्यांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला. मग म्हणाले, "मग रद्द करा साहेब. माझं काही नाही, मला वरच्या मजल्यावर कागदपत्रांना बसवणार आहेत. पण एक विचारू? गाडी तुम्हाला आवडली का?"

तीनदऱ्यांनी तक्ता उघडला. बेचाळीस रकान्यांवरून बोट फिरवलं. "असा रकानाच नाही."

"तरी पण."

चालवून बघायच्या दिवशी चौकात सिग्नल लागला होता. ही गाडी थांबली आणि तिचं इंजिन आपोआप गप्प झालं. मागे बसलेल्या काकू म्हणाल्या, "बंद पडली का?" यांनी सांगितलं, "नाही, थांबलीय." मग बाहेर सगळे भोंगे वाजवत असताना आत इतकं शांत झालं की काकूंनी गेल्या कित्येक वर्षांत प्रथमच न ओरडता विचारलं, "दमलात का हो?" हे कुठल्या रकान्यात लिहायचं, ते तेव्हा सुचलं नव्हतं.

"आवडली," तीनदरे म्हणाले. "बाकीच्या दोन्हींपेक्षा आवडली." मग जरा थांबून, "रंग मात्र भयंकर आहे."

"भयंकर आहे," रुमालवाल्यांनी कबूल केलं.

"द्या फॉर्म."

फॉर्म आला. तीनदऱ्यांनी पेन उघडलं, सगळं वाचलं, अटीसुद्धा वाचल्या, आणि तळाशी डाव्या कोपऱ्यात छोटी सही केली. रुमालवाल्यांनी ती पाहिली. त्यांनी कागद उचलला, नवा कोरा फॉर्म काढला, तो यांच्यासमोर ठेवला आणि मधोमध, मोठ्या रिकाम्या जागेवर बोट टेकवलं.

"साहेब, इथे."

पूर्ण नाव लिहायला तीनदऱ्यांना वेळ लागला. अक्षरं चौकटीच्या बाहेर गेली. सही झाल्यावर त्यांनी ती लांब धरून पाहिली, आणि रुमालवाल्यांनीही मान तिरकी करून पाहिली.

सहा वाजता ते घरी पोचले तेव्हा मेहुणा सोफ्यावर ठाण मांडून बसला होता. समोर बॅटरीच्या गाडीचं माहितीपत्रक, आणि रंगसुद्धा त्यानं निवडून ठेवला होता, करडा. वरचे इंजिनिअर आणि समोरच्या वहिनी सहज म्हणून आले होते. सगळ्यांच्या हातात चहा होता. तीनदऱ्यांनी चपला काढल्या, आत आले, आणि पावती काकूंच्या हातात दिली.

काकूंनी ती वाचली. रंगाच्या ओळीपाशी भुवया वर गेल्या, पण त्या पुढे वाचत राहिल्या, पार खालच्या सहीपर्यंत. मग त्यांनी ती भावाकडे दिली.

मेहुण्यानं पावती उलटसुलट केली. "हायब्रीड? पोपटी? अहो भावोजी, आज ही कोण घेतं? दोन शोरूमनी बंद केली. तिसरी करतेय." त्यानं खरोखरच्या काळजीनं यांच्याकडे पाहिलं. "तुम्हाला ही घ्यायला सांगितलं तरी कोणी?"

इंजिनिअरांनी कप खाली ठेवला. वहिनी पुढे सरकल्या. तीनदऱ्यांनी कुणाकडेही पाहिलं नाही, शर्टाची बाही नीट केली आणि शांतपणे म्हणाले,

"मी."